तीन वेबसाइट, एक लॉगिन: गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल जोडताना काय एकत्र ठेवायचं आणि काय वेगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शिक्षणसंस्थेची तीन वेब-ॲप्लिकेशन्स आहेत: प्रवेश, ग्रंथालय आणि फी. तिन्ही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली. प्रत्येकात 'गूगलने लॉगिन करा' हे बटण आहे, पण प्रत्येकाचा कोड निराळा, गूगलकडची नोंदणी निराळी आणि यूजर टेबलही निराळं. आता प्राध्यापकांसाठी मायक्रोसॉफ्ट हवंय आणि आयफोन वापरणाऱ्या पालकांसाठी ॲपल. हे सगळं तीनदा लिहायचं की एकदाच लिहून तिघांनी वापरायचं? आणि एकदाच लिहायचं तर ते ठेवायचं कुठे?

एकदाच लिहा, आणि ते तिन्ही ॲप्सच्या बाहेर, स्वतःच्या सबडोमेनवर (संस्थेच्या डोमेनखालच्या वेगळ्या पत्त्यावर) ठेवा. गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल यांच्याशी फक्त ती एक लॉगिन सेवा बोलेल, आणि तुमची तीन ॲप्स फक्त त्या सेवेशी बोलतील. सेशन, म्हणजे 'हा माणूस लॉगिन होऊन आत आलाय' ही आठवण, मात्र प्रत्येक ॲपची स्वतःचीच राहू द्या. आणि माणूस ओळखायचा तो ईमेलवरून नाही. उत्तर एवढंच आहे. हे असं का, आणि करताना गाडी कुठे अडते, ते आता सांगते.

आधी दोन सोपे वाटणारे रस्ते बाजूला काढू, कारण बहुतेक टीम तिथूनच सुरुवात करतात.

पहिला रस्ता म्हणजे एकच क्लायंट आयडी आणि सीक्रेट (गूगलकडे नोंदणी केल्यावर ॲपला मिळणारा क्रमांक आणि गुप्त शब्द) तिन्ही ॲप्सच्या कॉन्फिगमध्ये टाकायचं. गूगलच्या कन्सोलमध्ये एका क्लायंटला अनेक रिडायरेक्ट यूआरएल (लॉगिननंतर माणसाला परत पाठवायचे पत्ते) देता येतात, त्यामुळे काम चुटकीसरशी होतं. पण आता सीक्रेट तीन सर्व्हरवर आहे, आणि फीचं ॲप बाहेरचा व्हेंडर सांभाळत असेल तर त्याच्या माणसाच्या लॅपटॉपवरही आहे. ते बदलायचं झालं की तिघांनी एकाच वेळी डिप्लॉय करायचं, म्हणजे ते कधीच बदललं जात नाही. याहून वाईट गोष्ट अशी की तिन्ही ॲप्सना मिळणाऱ्या आयडी टोकनमधला, म्हणजे माणूस कोण हे सांगणाऱ्या, गूगलने सही केलेल्या चिठ्ठीतला, 'ऑडियन्स' एकच असतो. टोकन कुणासाठी निघालं हे त्यातल्या या एका फील्डवरून कळतं. ते तिघांचं एकच असलं की ग्रंथालयासाठी निघालेलं टोकन कुणी फीच्या ॲपपुढे धरलं तर त्याला ते परकं वाटायला काही कारणच उरत नाही. खरं तर एसटीचं तिकीट लोकलमध्ये दाखवल्यासारखा हा प्रकार आहे. फरक इतकाच की इथे टीसीलाही ते चालतं.

दुसरा रस्ता मुख्य डोमेनवरच्या कुकीचा. संस्थेच्या डोमेनखाली सगळी सबडोमेन आहेत, मग सेशन कुकी (ब्राउझरने जपून ठेवलेली सेशनची खूण) थेट वरच्या डोमेनवर ठेवली की सगळीकडे लॉगिन झालंच. झालंच, आणि नको तिथेही झालं. त्याच डोमेनखाली दोन-तीन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी कुणीतरी वर्डप्रेसवर एक साइट उभी केलेली असते. तिचे प्लगिन त्यानंतर कुणी अपडेट केलेले नसतात. तुमची सेशन कुकी ब्राउझर त्या साइटलाही इमानेइतबारे पाठवतो. उलट, ती साइट कुणी ताब्यात घेतली तर तिथून मुख्य डोमेनवर हवी ती कुकी टाकताही येते. म्हणून प्रत्येक ॲपची सेशन कुकी त्या ॲपपुरतीच हवी. कुकीच्या नावाची सुरुवात दोन अंडरस्कोअर, 'होस्ट' आणि एक डॅश अशी केली की ब्राउझर स्वतःच पहारा देतो: ती कुकी एचटीटीपीएसवरच असली पाहिजे, डोमेन दिलेलं नसलं पाहिजे आणि पाथ मुळापासूनचा असला पाहिजे, नाहीतर तो ती स्वीकारतच नाही.

तिसरा एक पर्याय आहे तो अगदीच टाकाऊ नाही: लॉगिनचा कोड एका सामायिक कोड-लायब्ररीत काढायचा आणि तिन्ही ॲप्सनी ती वापरायची. तिन्ही ॲप्स एकाच भाषेत असतील, एकच टीम ती सांभाळत असेल आणि प्रोव्हायडर (ओळख पटवून देणारी कंपनी) फक्त गूगल असेल, तर एवढ्यावर थांबा. वेगळी सेवा चालवण्याचा व्याप करू नका. तुमच्याकडे मात्र एक ॲप पीएचपीत, एक जावात आणि एक व्हेंडरचं, शिवाय मायक्रोसॉफ्ट येऊ घातलंय. आणि मायक्रोसॉफ्टमुळेच हा पर्याय कोलमडतो.

ते कसं, हे नीट बघण्यासारखं आहे. ओपनआयडी कनेक्टमध्ये, म्हणजे अशा लॉगिनच्या सामायिक नियमावलीत, प्रत्येक आयडी टोकनात 'सब' नावाचा क्लेम (माहितीचं एक फील्ड) असतो, म्हणजे त्या माणसाचा प्रोव्हायडरकडचा कायमचा क्रमांक. गूगलमध्ये एका खात्याचा 'सब' तुमच्या सगळ्या क्लायंटना सारखाच मिळतो. ॲपलमध्ये तो एका डेव्हलपर टीमपुरता सारखा असतो. मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडीमध्ये, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला ॲझूर एडी म्हणत त्यात, तो ॲप्लिकेशनगणिक वेगळा असतो. एकाच प्राध्यापिकेने तुमच्या तीन वेगवेगळ्या नोंदणीकृत ॲप्समध्ये लॉगिन केलं तर तीन वेगळे 'सब' येतात, आणि ते एकमेकांशी जुळवायला त्यांत काहीच नसतं. जुळवायचं तर टेनंटचा (मायक्रोसॉफ्टकडच्या संस्थेच्या खात्याचा) आयडी आणि 'ओआयडी' या क्लेमची जोडी वापरावी लागते. एका टेनंटमध्ये ओआयडी सगळ्या ॲप्सना सारखा मिळतो. हे ज्यांना माहीत नसतं ते शेवटी ईमेलवरून जुळवतात, आणि तिथूनच मोठ्या गोंधळाला तोंड फुटतं. त्याकडे पुढे येतेच.

मध्ये एक सेवा ठेवली की हा सगळा हिशोब एकाच जागी होतो. ती सेवा प्रोव्हायडरकडून काहीही घेवो, तुमच्या तीन ॲप्सना ती स्वतःचा इश्यूअर (टोकन देणाऱ्याचं नाव) आणि स्वतःचा एकच क्रमांक देते. उद्या चौथा प्रोव्हायडर आला तर तिन्ही ॲप्समधली एक ओळही बदलत नाही.

ती सेवा स्वतः लिहू नका. अशा लॉगिनचा पाया असलेल्या ओऑथ २.० या प्रमाणाचा मूळ दस्तऐवज २०१२ चा, ओपनआयडी कनेक्ट २०१४ चं, आणि सुरक्षेच्या सुधारित शिफारशी २०२५ च्या जानेवारीत आरएफसी ९७०० म्हणून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रमाणांचे क्रमांकित दस्तऐवज) आल्या. मधल्या बारा-तेरा वर्षांत लोक कुठेकुठे ठेचकाळले ते सगळं त्यात जमा आहे, आणि ते पुन्हा स्वतःच्या कोडमध्ये शिकण्याची गरज नाही. कीक्लोक हा तयार लॉगिन-सर्व्हर घ्या. तो मुक्त स्रोत आहे, २०१४ पासून आहे, रेड हॅटने वाढवला आणि २०२३ मध्ये सीएनसीएफ या मुक्त स्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली गेला. पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि दोनेक जीबी रॅम मोकळी असलेलं मशीन त्याला तुमच्या आकाराच्या संस्थेसाठी पुरतं. भाड्याच्या सेवा घ्यायला माझी हरकत नाही, पण त्यांची बिलं बहुधा महिन्याच्या सक्रिय यूजरवर चालतात आणि तुमच्याकडे जून-जुलैत अर्ज भरणाऱ्यांची झुंबड असते. त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांचा तुमच्या संस्थेशी नंतर संबंधही उरत नाही. हिशेबनीसाला आधी विचारून घ्या.

आता एक लॉगिन पावलापावलाने बघू. विद्यार्थी ग्रंथालयाच्या साइटवर येतो. तिथे सेशन नाही, म्हणून ग्रंथालय त्याला लॉगिनच्या सबडोमेनवर पाठवतं. पाठवताना तीन गोष्टी तयार करतं: 'स्टेट', 'नॉन्स' आणि पिक्सीचं (पीकेसीईचं) गुपित. पहिल्याने कळतं की परत आलेलं उत्तर आपल्याच विनंतीचं आहे. दुसऱ्याने टोकन या लॉगिनशी बांधलं जातं. तिसऱ्यामुळे वाटेत कुणी लॉगिननंतर मिळणारा तात्पुरता कोड चोरला तरी त्याला तो वटवता येत नाही. (पिक्सी फक्त मोबाइल ॲपसाठी असतं हा समज जुना झाला, सर्व्हरवर चालणाऱ्या ॲपमध्येही ते चालू ठेवा.) लॉगिन सेवा बघते, आपल्याकडे या ब्राउझरचं सेशन आहे का? नाही. मग ती गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल अशी बटणं दाखवते, विद्यार्थी गूगल निवडतो, आणि आता लॉगिन सेवा स्वतः गूगलची क्लायंट होऊन पुन्हा हाच खेळ खेळते: स्वतःचा स्टेट, स्वतःचा नॉन्स. गूगलकडून परत आल्यावर ती त्या माणसाची आपल्याकडची नोंद शोधते किंवा नवी करते, स्वतःचं सेशन उघडते आणि ग्रंथालयाला एक कोड देऊन परत पाठवते. ग्रंथालयाचा सर्व्हर तो कोड मागच्या दाराने, म्हणजे ब्राउझरला वगळून थेट लॉगिन सेवेला देऊन आयडी टोकन घेतो, सही तपासतो, इश्यूअर, ऑडियन्स, मुदत आणि नॉन्स तपासतो, स्वतःची कुकी लावतो. यानंतर त्याला टोकनची गरज नाही.

अर्ध्या तासाने तोच विद्यार्थी फीच्या साइटवर जातो. तिथेही सेशन नाही, फीचं ॲपही त्याला लॉगिन सेवेकडे पाठवतं, पण या वेळी तिथे सेशन आहे, म्हणून काही न विचारता तो परत येतो. डोळ्याला पान एकदा लवल्यासारखं दिसतं, बस. ज्याला एकदाच लॉगिन म्हणतात ते हेच, आणि यात कोणतीही कुकी दोन साइटमध्ये वाटून घेतलेली नाही.

हे सगळं पूर्ण पानाच्या रिडायरेक्टने होऊ द्या. लपवलेल्या आयफ्रेममधून (पानाच्या आतल्या छोट्या पानातून) गुपचूप टोकन ताजं करण्याची पद्धत एके काळी फार चालायची. सफारीने मार्च २०२० पासून तिसऱ्या पक्षाच्या (उघडलेल्या साइटखेरीज दुसऱ्या डोमेनच्या) कुकी सरसकट अडवल्या आणि लॉगिन सेवा वेगळ्या डोमेनवर असलेल्यांचा तो उद्योग तिथेच संपला.

आता ईमेल. या एका विषयावर मी बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ घालवते, कारण बाकीच्या चुका झाल्या तर लॉगिन बंद पडतं. ही झाली तर लॉगिन होतं, पण दुसऱ्याच्या खात्यात.

माणसाच्या ओळखीसाठी दोन टेबलं ठेवा. एक माणसांचं. दुसरं ओळखींचं, ज्यात प्रत्येक रांगेत इश्यूअर, त्या इश्यूअरने दिलेला क्रमांक आणि माणसाच्या रांगेचा दुवा. इश्यूअर आणि क्रमांक यांच्या जोडीवर युनिक इंडेक्स, म्हणजे तीच जोडी दोनदा येणार नाही. ईमेल हा संपर्काचा पत्ता आहे, तो माणसांच्या टेबलात एक साधा कॉलम म्हणून राहील आणि बदलत राहील. कीक्लोक आतून साधारण हेच करतो, पण तुमच्या तीन ॲप्सच्या जुन्या यूजर टेबलांत ईमेल हीच मुख्य ओळख असणार, आणि तिथेही लॉगिन सेवेच्या क्रमांकाचा कॉलम घालावा लागेल.

ईमेलवर विश्वास का नाही? तुमच्याच संस्थेचं उदाहरण घ्या. पास झालेल्या मुलीचं संस्थेच्या डोमेनवरचं खातं ॲडमिनने काढून टाकलं. दोन वर्षांनी त्याच नावाची, त्याच आडनावाची दुसरी मुलगी आली आणि तिला तोच पत्ता मिळाला. जोशी, पाटील, शिंदे या आडनावांत हे होणार नाही असं कुणी म्हणू नये. गूगलच्या दृष्टीने ही दोन खाती आहेत, 'सब' वेगळे आहेत, गूगल तो कधीच पुन्हा वापरत नाही. ईमेलवर चालणाऱ्या तुमच्या ॲपच्या दृष्टीने मात्र ती एकच मुलगी आहे, आणि नवीला जुनीच्या फीच्या पावत्या दिसतात.

हे झालं अपघाताने. मुद्दामही करता येतं. २०२३ च्या जूनमध्ये 'नोऑथ' या नावाने एक गोष्ट उघड झाली: ॲझूर एडीच्या टोकनातला ईमेल क्लेम हा त्या टेनंटच्या ॲडमिनला हवा तसा भरता येत होता, त्याची खातरजमा झालेली नसायची. म्हणजे कुणीही स्वतःचा टेनंट उघडून आपल्या यूजरच्या ईमेलच्या जागी तुमच्या प्राचार्यांचा पत्ता लिहू शकत होता. 'कोणत्याही टेनंटचं मायक्रोसॉफ्ट खातं चालेल' असं ठेवून ईमेलवरून खातं शोधणारी प्रत्येक साइट त्याला प्राचार्य म्हणून आत घेई. म्हणून मायक्रोसॉफ्टची नोंदणी करताना 'फक्त आमच्या संस्थेतली खाती' हाच पर्याय निवडा आणि इश्यूअरमध्ये तुमच्याच टेनंटचा आयडी आहे हे तपासा. प्राध्यापकांसाठी एवढंच हवंय, जगाला दार उघडायची गरज नाही.

तिसरा प्रकार त्याहून चलाख आहे. हल्लेखोर तुमच्या साइटवर आधीच जाऊन, दुसऱ्याच्या ईमेलने, पासवर्डचं खातं काढून ठेवतो. पत्त्याची खातरजमा झालेली नाही, पण खातं तयार आहे. महिन्याभराने खरी व्यक्ती येते, 'गूगलने लॉगिन करा' दाबते, तुमची सेवा म्हणते, अरे या पत्त्याचं खातं आहेच, जोडून टाकू. आता त्या खात्याला दोन किल्ल्या आहेत आणि एक हल्लेखोराकडे आहे. २०२२ मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध झालं तेव्हा नावाजलेल्या सेवाही यात सापडल्या होत्या.

मग दोन ओळखी जोडायच्या कशा? आपोआप नाही. नवी ओळख जुन्या ईमेलसह आली तर सांगायचं: या पत्त्याचं खातं आधी आहे, त्या जुन्या पद्धतीने एकदा लॉगिन करा, मग ही नवी जोडतो. कीक्लोकमध्ये 'फर्स्ट ब्रोकर लॉगिन' नावाचा टप्पा बरोबर हेच करतो. जुन्या पद्धतीने लॉगिन किंवा ईमेलवर पाठवलेल्या दुव्याने खात्री करायला लावतो. तिथे प्रत्येक प्रोव्हायडरला 'ट्रस्ट ईमेल' अशी एक कळ आहे. विद्यार्थ्यांच्या तक्रारी आल्या की ती चालू करायचा मोह होतो. ॲपल आणि मायक्रोसॉफ्टसाठी ती बंदच ठेवा. गूगलबाबत थोडी मोकळीक आहे: पत्ता जीमेलचा असेल, किंवा 'ईमेल व्हेरिफाइड' खरं असून 'एचडी' या क्लेममध्ये संस्थेचं डोमेन असेल, तर तो पत्ता गूगलच्याच ताब्यातला आहे आणि त्याची ग्वाही गूगल देऊ शकतं. कुणी याहूवरच्या पत्त्याने गूगल खातं काढलं असेल तर त्याची आजची मालकी गूगललाही ठाऊक नसते.

ॲपलमध्ये हा प्रश्न वेगळ्या वेषात येतो. पालकाने 'माझा ईमेल लपवा' निवडलं की तुम्हाला ॲपलच्या रिले डोमेनवरचा एक विचित्र पत्ता मिळतो. तो प्रवेश अर्जातल्या पत्त्याशी कधीच जुळणार नाही. शिवाय त्या पत्त्यावर पावती पाठवायची तर पाठवणारं डोमेन आधी ॲपलकडे नोंदवावं लागतं, नाहीतर मेल पोचत नाही आणि पालक फी भरूनही पावतीसाठी काउंटरवर उभे राहतात. आणि नाव ॲपल फक्त पहिल्या वेळी सांगतं. पहिल्याच लॉगिनला ते साठवून ठेवलं नाही तर पुढच्या लॉगिनला ते येत नाही.

ॲपलवरच आहोत तर तिथली आणखी एक खोच सांगते, कारण तिच्यामागे लोक आठवडे घालवतात. नाव किंवा ईमेल मागितलं तर ॲपल तुमच्या कॉलबॅकवर (उत्तर परत येण्याच्या पत्त्यावर) साध्या गेटने, म्हणजे नेहमीच्या दुव्यासारखं, येत नाही, फॉर्म पोस्ट करून येतं. म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेला पोस्ट. तुमची स्टेटची कुकी 'सेमसाइट लॅक्स' असेल (सेमसाइट म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर कुकी पाठवायची का हे सांगणारी खूण) तर ब्राउझर ती अशा पोस्टबरोबर पाठवत नाही. स्टेट जुळत नाही आणि लॉगिन फसतं. एवढंच असतं तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं. पण कुकीवर सेमसाइट लिहिलेलंच नसेल तर क्रोम ती लॅक्स धरतो, आणि अशा कुकीसाठी त्याने एक सवलत ठेवली: कुकी तयार होऊन दोन मिनिटं झाली नसतील तर पोस्टबरोबरही पाठवायची. डेव्हलपर चाचणी करतो, वीस सेकंदांत लॉगिन होतं, सगळं ठीक. खरा पालक मात्र पासवर्ड शोधतो, दुसऱ्या फोनवर आलेला सहा अंकी कोड बघायला आतल्या खोलीत जातो, दोन मिनिटं उलटतात, लॉगिन फसतं. तो पुन्हा करतो, या वेळी पटकन, आणि होतं. तक्रार येते ती 'कधीकधी होत नाही' अशी. उपाय साधा: फक्त या देवाणघेवाणीपुरती, दहा मिनिटांची कुकी 'सेमसाइट नन' आणि 'सिक्युअर' करा आणि तिच्यात स्टेट-नॉन्सखेरीज काही ठेवू नका. मुख्य सेशन कुकी लॅक्सच राहू द्या.

ॲपलचं क्लायंट सीक्रेट हेसुद्धा साधी अक्षरमाळ नसून तुम्ही स्वतःच्या किल्लीने सही केलेलं टोकन असतं, आणि त्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने. ते ठरावीक काळाने आपोआप नव्याने बनवणारा क्रॉन पहिल्याच दिवशी लावा.

अनेक प्रोव्हायडर असताना कॉलबॅक एकच ठेवू नका. प्रत्येकाचा यूआरएल वेगळा ठेवा. कोणत्या प्रोव्हायडरला विचारलं होतं हे स्टेटबरोबर सर्व्हरवर लिहून ठेवा आणि उत्तर त्याच्याच कॉलबॅकवर आलं का ते बघा. एका प्रोव्हायडरचा कोड दुसऱ्याकडे वटवायला लावण्याचा हल्ला जुना आहे, आणि त्यासाठीच २०२२ मध्ये उत्तरातच इश्यूअर पाठवण्याची सोय आरएफसी ९२०७ ने केली. सगळ्या प्रोव्हायडरनी ती अजून उचललेली नाही.

सही तपासण्याच्या किल्ल्या प्रोव्हायडर अधूनमधून बदलतात. त्या कोडमध्ये चिकटवू नका. डिस्कव्हरीच्या पत्त्यावरून (प्रोव्हायडर आपली माहिती जिथे जाहीर करतो तिथून) आणा, कॅशमध्ये ठेवा, अनोळखी किल्लीचा क्रमांक दिसला तर पुन्हा आणा, पण मिनिटाला जास्तीत जास्त एकदाच.

'रिडायरेक्ट यूआरआय मिसमॅच' ही चूक दिसली तर दहापैकी नऊ वेळा दोष एन्जिनएक्सच्या (ॲपपुढे उभ्या वेब-सर्व्हरच्या) मागे असतो: बाहेर एचटीटीपीएस, आत एचटीटीपी, आणि ॲपला वाटतं आपण एचटीटीपीवर आहोत. फॉरवर्डेड हेडर (मूळ विनंती कशी आली ते सांगणारी नोंद) नीट पाठवा आणि लॉगिन सेवेला ते वाचायला सांगा. उरलेला दहावा यूआरएलच्या शेवटच्या तिरक्या रेघेचा.

आता लॉगआउट. यात तांत्रिक भाग कमी आणि निर्णयाचा भाग जास्त आहे. ग्रंथालयात सगळ्यांसाठी ठेवलेले संगणक आहेत. पहिली मुलगी पुस्तक आरक्षित करते, 'लॉगआउट' दाबते, उठते. ग्रंथालयाच्या ॲपने आपली कुकी पुसली. पण लॉगिन सेवेचं सेशन जिवंत आहे, आणि त्यामागे गूगलचंही. दुसरा मुलगा बसतो, 'लॉगिन' दाबतो आणि काही न विचारता पहिलीच्या खात्यात जातो. ज्या सोयीचं वर कौतुक केलं तीच इथे गळ्यात येते.

किमान इतकं करा: ॲपमधलं लॉगआउट हे लॉगिन सेवेच्या लॉगआउटच्या पत्त्यावरून जाऊ द्या, म्हणजे मधलं सेशन संपेल. लॉगिन सेवा मग बाकीच्या ॲप्सना मागच्या दाराने कळवू शकते. बॅक-चॅनल लॉगआउटचं प्रमाण त्यासाठीच आहे, मात्र ते ऐकणारा कोड प्रत्येक ॲपमध्ये लिहावा लागतो. तिसरा थर, म्हणजे गूगलमधून बाहेर काढणं, तुमच्या हातात नाही; गूगल त्यासाठीचा पत्ता डिस्कव्हरीत देतच नाही. त्यावर दोन तोडगे. गूगल आणि मायक्रोसॉफ्टकडे पाठवताना 'सिलेक्ट अकाउंट' मागा, म्हणजे निदान कोणत्या खात्याने जायचं ते विचारलं जाईल. आणि त्या संगणकांवर ब्राउझर पाहुणा मोडमध्ये चालवा, खिडकी बंद केली की सगळं साफ. दुसरा तोडगा कोडचा नाही, ग्रंथालयाच्या सहायकाचा आहे, आणि तोच जास्त उपयोगी पडतो.

भूमिका आणि परवानग्या लॉगिन सेवेत कोंबू नका. माणूस कोण आणि तो प्राध्यापक की विद्यार्थी, इतकं तिने सांगावं. फी माफ करायचा अधिकार कुणाला, हे फीच्या ॲपने ठरवावं. नाहीतर लेखा विभागातली एक बदली झाली की टोकनात बदल, आणि टोकनात बदल झाला की तिन्ही ॲप्सची चाचणी. नोकरी सोडलेल्याचं मायक्रोसॉफ्ट खातं बंद झालं तरी त्याचं फीच्या ॲपमधलं सेशन आपणहून मरत नाही, म्हणून तिथे सेशन काही तासांचंच ठेवा आणि पैसे परत करण्यासारख्या कामाआधी पुन्हा लॉगिन मागा.

प्रोव्हायडरकडे ओळख, ईमेल आणि नाव याव्यतिरिक्त काही मागू नका. ड्राइव्ह किंवा संपर्कयादी मागितली की गूगलची पडताळणी मागे लागते आणि पालकही बिचकतात. गूगलची नोंदणी 'टेस्टिंग' अवस्थेत विसरू नका, तिथे आधी नावं नोंदवलेले शंभरच यूजर चालतात. प्रवेशाच्या पहिल्या सकाळी बाकीचे सगळे अर्जदार बाहेर राहतात. आणि इन्स्टाग्रामसारख्या ॲपच्या आतल्या ब्राउझरातून कुणी प्रवेशाची लिंक उघडली तर गूगल लॉगिन नाकारतं. तिथे 'क्रोममध्ये उघडा' अशी मराठीत एक ओळ दाखवा, मदतकक्षाचे फोन बरेच कमी होतील.

बदल करायचा क्रम: आधी ग्रंथालय, मग प्रवेश, फी सगळ्यात शेवटी आणि तीही सत्राच्या मधल्या शांत काळात. ग्रंथालयात चार तास लॉगिन बंद राहिलं तर ग्रंथपाल रागावतील; फीत राहिलं तर शेवटच्या तारखेचा दंड कुणी भरायचा यावर बैठक होईल. जुन्या यूजरना हलवताना, जुन्या ॲपमध्ये त्यांचा गूगलचा 'सब' साठवलेला असेल तर तो थेट ओळखींच्या टेबलात भरता येतो, काही विचारावं लागत नाही. फक्त ईमेलच असेल तर पहिल्या लॉगिनला वर सांगितलेली खात्री करून घ्या आणि पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) किंवा अर्ज क्रमांकही विचारा.

लॉगिन सेवा आता सगळ्यांच्या वाटेवर उभी आहे, ती पडली की तिन्ही पडतात. तिच्या डेटाबेसचा बॅकअप रोज, आणि तो परत भरून बघायची सवय. प्रत्येक ॲपमध्ये, आणि खुद्द लॉगिन सेवेतही, कोणत्याही प्रोव्हायडरवर न अवलंबणारं एक ॲडमिन खातं, लांब पासवर्ड आणि ओळखीच्या दुसऱ्या पुराव्यासह, पाकिटात बंद करून कुलसचिवांच्या कपाटात. जुन्या तीन क्लायंट नोंदी गूगलच्या कन्सोलमधून लगेच पुसू नका. लॉगमध्ये महिनाभर एकही विनंती दिसली नाही की पुसा. व्हेंडरच्या चाचणी सर्व्हरवर त्यातलीच एखादी अजून चालू असण्याची शक्यता दाट आहे, म्हणून त्याला आधी फोन करा.